काकड्यांची पाटी आणि रेल्वेचा डबा

वरचा पाडा, हरसूलजवळ
२१ सप्टेंबर

पायल,

पत्र बघून हसशील. सातवीत शाळा सुटल्यापासून एवढं लिहिलं नाय. फोन साईच्या पप्पांकडं असतो आन् रेंज फक्त टेकडीवर. तिथं उभं राहून बोललं की अर्धा पाडा ऐकतो. मला जे विचारायचं ते पाड्यानं ऐकायला नको.

काल बाजारात हॉटेलातल्या टीव्हीवर विमानं आन् धूर दाखवत होते. टाय लावलेला मानूस वरडत होता, तिसरं महायुद्ध येतंय. मी साईला छातीशी धरून तिथंच उभी राहिले. साई आठ महिन्यांचा हाय, आत्ता कुठं बसायला लागलाय. तू नाशिकला इतिहास शिकवती ना, मंग मला सांग, सगळ्या जगाचं भांडन एकदम कसं लागतं? पहिला कोन मारतो? लागायच्या आधी कळतं का काही? कळत असलं तं मी लेकरू घेऊन कुठं जाऊ ते ठरवून ठेवीन.

इकडं सगळं बरं हाय. भात पोटरीला आलाय, आता लोंब्या फुटतील. सासूबाई तशाच, तोंडानं तिखट आन् हातानं मऊ.

एक गोष्ट झाली, छोटीच हाय. त्याच बाजारात माझा भाऊ सोमा काकड्यांची पाटी घेऊन बसला होता. मंगळूनं त्या काकड्यांवरून मोटारसायकल घातली. मंगळू म्हंजे आमच्या वरच्या पाड्याच्या कारभाऱ्याचा पोरगा, माझा चुलत दीर. वरून म्हनतो कसा, "खालच्या पाड्याच्या काकड्या, कडूच असनार." सोमानं उठून सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली दिली. गाडी पडली, आरसा फुटला. तुला तं सोमा ठाऊकच हाय, हात आधी, डोकं मागून.

आता माझं माहेर खालचा पाडा आन् सासर वरचा, म्हनून मी दोन्हीकडं गप बसती. तू लवकर लिही.

तुझी पल्लवी


नाशिकरोड
२७ सप्टेंबर

प्रिय पल्ले,

तुझं पत्र स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि शेजारच्या मॅडमना म्हटलं, बघा, आमच्या बाकावरची पल्ली. अगं, योगायोग बघ, सोमवारपासून मला वर्गात हेच शिकवायचंय. पहिलं महायुद्ध. मुलं तारखा पाठ करतात आणि विसरतात. तुला सांगता सांगता माझी तयारी होईल.

आधी तो टायवाला मनातून काढ. ओरडणं त्याची नोकरी आहे.

आता ऐक. २८ जून १९१४. ऑस्ट्रिया-हंगेरी नावाच्या मोठ्या साम्राज्याचा युवराज बायकोसोबत उघड्या मोटारीतून साराजेव्हो नावाच्या शहरात फिरत होता. सकाळी त्यांच्यावर बॉम्ब फेकला, तो चुकला. पुढे ड्रायव्हर चुकीच्या रस्त्याला वळला. मागे घ्यायला गाडी थांबवली, आणि नेमका तिथे पिस्तूल घेऊन एकोणीस वर्षांचा पोरगा उभा. दोन गोळ्या. दोघेही गेले. तो पोरगा सर्ब होता, म्हणून शेजारच्या सर्बिया देशाचाच यात हात आहे असं ऑस्ट्रियाने धरलं.

पण गोळी ही नुसती काडी, पल्ले. गवत कधीचं वाळलेलं होतं. ब्रिटन-फ्रान्सने आफ्रिका, आशिया वाटून घेतलेला, जर्मनीला वाटायचं आपण उशिरा आलो, आपल्याला वाटा नाही. त्याने जहाजं बांधली की याने दुप्पट बांधायची. प्रत्येकाला आपलीच माणसं, आपलीच भाषा सगळ्यांत थोर. आणि सगळ्यांनी एकमेकांना शब्द देऊन ठेवलेले: तुला कुणी मारलं तर मी येईन. हे शब्द देताना प्रत्येकाला वाटत होतं की यानं आपण सुरक्षित होतोय.

ऑस्ट्रियाने सर्बियाला अटींचा कागद पाठवला आणि उत्तराला दोन दिवस दिले. सर्बियाने जवळपास सगळं मान्य केलं. एका गोष्टीवर अडलं: ऑस्ट्रियाची माणसं सर्बियात येऊन चौकशी करणार, हे नको म्हणाले. तेवढ्यावर युद्ध.

बाकी सोमाने थोबाडीत दिली हे वाचून मी खूप हसले. काकडीवरून कोणी युद्ध करत नाही, घाबरू नकोस. साईला पापा.

पायल


वरचा पाडा
३ ऑक्टोबर

पायलबाई,

तू हसली. मी नाय हसले. तुझा ऑस्ट्रिया आमच्या ओट्यावर बसून तंबाखू मळतोय.

खरं सांगती, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मंगळूचा बाप आमचा कारभारी, आम्ही त्यांना आबा म्हनतो. आबांनी खालच्या पाड्याला तीन गोष्टी सांगून पाठवल्या. सोमानं बाजारात, जिथं मारलं तिथंच, माफी मागायची. आरसा भरून द्यायचा. आन् आमच्या पाड्यात येऊन उभं राहायचं, आम्ही विचारू ते सांगायचं, आम्ही करू ते सोसायचं. माझा बाप दोन गोष्टींना हो म्हनला. तिसरीला म्हनला, "पोरगं एकटं तुमच्या पाड्यात पाठवनार नाय." अगदी तुझ्या सर्बियावानी. तू आधी लिहिलं असतं तं मी बापाला सांगितलं असतं, पन काय सांगितलं असतं ते मला बी ठाऊक नाय.

आता डहाळी फिरनार म्हनतात. तुला आठवतं का? आमच्यात मानसं बोलवायची तं जांभळीची डहाळी पाठवतात. ज्याच्या दारात आली त्या पाड्यानं यायचं. का, कशाला, चूक कोनाची, हे विचारायचं नाय. वरच्या पाड्याच्या सोयऱ्यांचे पाडे वेगळे, खालच्याचे वेगळे. तू लिहिलं ना, शब्द देऊन ठेवलेले? तेच हाय हे, फक्त आमचं झाडाचं हाय.

काल साईचे पप्पा काठीला तेल लावत होते. मी म्हनलं, कोनासाठी? म्हनले, "कोनासाठी नाय, नुसतं." मी म्हनलं, "समोर सोमा असला तं?" काठी उलटी केली, दुसऱ्या टोकाला तेल लावलं. मंग म्हनले, "मी नाय गेलो तं उद्या माझ्या दारात आग लागली तेव्हा कोन येईल?" ह्याच्यावर काय बोलावं? तुला सुचतं का?

साईचा बाप एकीकडं, मामा दुसरीकडं. रात झाली की तेच डोळ्यापुढं येतं. मला जगाच्या युद्धाचं भ्या वाटत होतं, ते तं आमच्या शिवेवरच निघालं.

पुढं काय झालं ते लिही. थांबलं कसं? कोनी थांबवलं?

पल्लवी


नाशिकरोड
८ ऑक्टोबर

पल्ले,

माझी चूक झाली. मी हसायला नको होतं. तुझं पत्र मी नावं गाळून वर्गात वाचून दाखवलं. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढे सरकून बसली. एक मुलगी म्हणाली, "मॅम, मग डहाळी निघाली का?"

तिकडे निघाली होती, सांगते. ऑस्ट्रिया सर्बियावर गेला. सर्बियासाठी रशियाने सैन्य गोळा करायला घेतलं. ऑस्ट्रियाला जर्मनीचा शब्द होता, म्हणून जर्मनीने रशियाशी युद्ध पुकारलं. रशियाला फ्रान्सचा शब्द. फ्रान्सवर पटकन जायची वाट बेल्जियममधून, आणि बेल्जियमला ब्रिटनचा शब्द. एका आठवड्यात सगळे मैदानात. ब्रिटन उतरलं म्हणजे आपण उतरलो, आपल्याला विचारतंय कोण. दहा लाखांहून जास्त आपली माणसं समुद्रापार गेली, पंजाबची, गढवालची, आपल्या मराठा पलटणीची. युवराजाचं नावही ठाऊक नसलेली माणसं त्याच्यापायी मेली.

सगळ्यांना वाटलं होतं नाताळापर्यंत घरी येऊ. आले नाहीत. मशीनगनपुढे कुणालाच पुढे सरकता येईना, म्हणून दोन्ही बाजूंनी खंदक खणले. समुद्रापासून स्वित्झर्लंडपर्यंत नुसता चिखल, उंदीर आणि माणसं. पुढे विषारी वायू आला, रणगाडे आले, पाण्याखालून जहाजं बुडवायला लागले. हे चार वर्षं चाललं.

पण त्यात एक दिवस वेगळा होता. पहिल्याच वर्षी नाताळला काही ठिकाणी जर्मन आणि इंग्रज सैनिक आपापल्या खंदकात गाणी म्हणायला लागले. मग एकेक जण रिकाम्या हाताने वर आला. सिगारेटी वाटल्या, मेलेल्यांना मिळून पुरलं, म्हणतात कुठे कुठे चेंडूसुद्धा खेळले. नंतर वरच्या साहेबांनी सक्त मनाई केली आणि पुन्हा गोळ्या सुरू झाल्या.

साईच्या पप्पांचं, हिरामणभाऊंचं बोलणं खोटं नाही. तिथे सगळ्या देशांतले लोक हेच म्हणत होते. पण डहाळी निघायच्या आत काहीतरी कर. एकदा निघाली की ती कोणाचं ऐकत नाही. पोलीस पाटलांना सांग. दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस जवळ आली ना? तेव्हा वाघदेवाच्या पूजेला सगळे शिवेवर जमतात, मला भीती वाटते.

पायल


वरचा पाडा
१९ ऑक्टोबर

पायल,

बस आधी. पानी पी. आता वाच.

पोलीस पाटील दिंडोरीला द्राक्षाच्या छाटनीला टोळी घेऊन गेलेत, ते दिवाळीलाच येनार. मंग मी सासूबाईंना धरलं. म्हनलं, डहाळी निघू देऊ नका. त्या म्हनल्या, "माझ्या घरातनं कशाची निघती भांडनाची डहाळी?" मला हुश्श झालं.

आन् त्यांनीच डहाळ्या पाठवल्या, पायल. भांडनाच्या नाय, जेवनाच्या. वाघबारशीचा भात दरवर्षी आमच्या घरचा असतो ना, दोन्हीकडच्या सोयऱ्यांना बोलवायला त्या जांभळीची डहाळीच पाठवतात. मला नुसतं युद्ध डोक्यात, त्यांना नुसता भात डोक्यात. पन पाड्यापाड्यात सगळ्यांना बाजारातली थोबाडीत ठाऊक. डहाळी दारात आली आन् रिवाज असा की विचारायचं नाय. मंग काय, कोनीच विचारलं नाय, सगळ्यांनी ती भांडनाचीच समजली.

वाघबारशीला शिवेवर वाघदेवाच्या खांबाला शेंदूर लावून सासूबाईंनी भाताचा हंडा चढवला आन् टेकडीवरनं मानसं उतरायला लागली. एका बाजूनं आमचे सोयरे, दुसऱ्या बाजूनं माहेरचे. सगळ्यांच्या हातात काठ्या, कोनाच्या खांद्यावर कोयता. दोन्हीकडं लोक उभे, मधे हंडा. मी साईला पाठीला बांधून हंड्याच्या मागं. समोर सोमा, इकडं साईचे पप्पा. मी साईच्या झोळीची गाठ आनखी आवळली.

सासूबाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. म्हनल्या, "एवढे कशाला आले रं? भात पुरनार नाय. आन् काठ्या कशाला, भात काय पळून जातो?"

कोनी हसलं नाय. आबा पुढं आले आन् काही तरी बोलनार, तेवढ्यात वाघ सुटले. गुराखी पोरं गं, अंगाला राख आन् गेरूचे पट्टे वढून करवंदीच्या जाळीत बसली होती. त्यांना मोठ्यांच्या भांडनाचं काय? त्यांना वेळ झाली एवढंच ठाऊक. सासूबाईंनी पळी हंड्यावर आपटून विचारलं, "वाघा, आमच्या शिवारात येशील?" पोरं वरडली, "नाय येनार!" आन् पळाली.

तुला रिवाज आठवतो का? वाघ पळाला की शिवेवर उभ्या सगळ्यांनी वरडत मागं पळायचं. जो जागेवर उभा राहील त्याच्या गोठ्यात वाघ येतो. क्षनभर सगळे थबकले. मंग कोनाला तरी आपली गाय आठवली आसंल. तो पळाला. दुसरा पळाला. आन् पायल, सगळी गर्दी पळाली, दोन्हीकडची मिसळून, त्याच काठ्या आपटत, हो हो करत, नाल्यापर्यंत. आबा धोतर धरून पळत होते. सोमा घसरला तं साईच्या पप्पांनीच त्याला दंडाला धरून उठवला. मी बघितलं. मी तं रडत होते आन् साई पाठीवर खिदळत होता.

परत आले तं कोनी कोनाच्या बाजूला उभं राहिलं हे कळंना. घामेजलेले सगळे, भूक लागलेली. भात खरंच पुरला नाय. सासूबाईंनी पळीनं मोजून वाढला आन् म्हनल्या, "पुढच्या वर्षी काठीऐवजी तांदूळ आना." तुझा तो नाताळ मी माझ्या डोळ्यांनी बघितला, बाई.

आन् आता सगळं मिटलं. जेवल्यावर म्हातारे बसले. ठरलं की भाऊबीज झाल्यावर रविवारी शिवेवर सगळ्यांसमोर सोमानं मंगळूची पायतानं डोक्यावर घेऊन वाघदेवाला फेरी मारायची, मंग विषय बंद. माझा बाप थकलेला, हो म्हनला. सोमा खाली बघत होता. चला, सुटलो. मी घरी येऊन लाडूला बेसन भाजायला घेतलं.

तुमचं युद्ध कसं मिटलं ते आता निवांत लिही.

पल्लवी


नाशिकरोड
२२ ऑक्टोबर

पल्ले,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. हरसूल गाडीच्या दीपक कंडक्टरच्या हातात देतेय, तो तुला शोधून देईल. तुझं पत्र वाचून मी घरात ओरडले, आई धावत आली. पण शेवटच्या ओळींशी येऊन मी थांबले. निवांत लिहिण्यासारखं नाही.

आमचं युद्ध असं मिटलं. १९१७ साली अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली. त्याच वर्षी रशियात क्रांती झाली आणि पुढे तो लढाईतून बाहेर पडला. जर्मनीत उपासमार, माणसं संपलेली. नोव्हेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधल्या एका जंगलात उभ्या रेल्वेच्या डब्यात जर्मनांना बसवून सही घेतली. तोफा थांबल्या. लोक रस्त्यावर नाचले. त्यांनाही वाटलं, सुटलो.

मग पुढच्या वर्षी तह झाला, व्हर्सायच्या आरशांच्या महालात. तारीख बघ, २८ जून. गोळी झाडली तोच दिवस. युद्धाचा दोष जर्मनीने आपल्या माथ्यावर घ्यायचा, प्रदेश सोडायचा, फौज कमी करायची, भरपाई देत राहायची. पहिली चूक कोणाची, दुसरी कोणाची, याचा हिशोबच नाही. जर्मनी खाली बघून सही करून गेला.

खाली बघून, पल्ले. तुझा सोमा बघत होता तसा.

तो अपमान घराघरात जेवताना सांगितला गेला. पुढे लोकांचं काम गेलं, पोट रिकामं राहिलं, तेव्हा एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मी तुमचा सूड घेतो. लोक त्याच्यामागे गेले. वीस वर्षांत दुसरं महायुद्ध, पहिल्याच्या कितीतरी पट मोठं. लाखो ज्यूंना छावण्यांत नेऊन मारलं. लंडनवर बॉम्ब, रशियात बर्फात लढाई, जपानच्या दोन शहरांवर अणुबॉम्ब. आणि १९४० मध्ये जर्मनीने फ्रान्स जिंकला तेव्हा पहिलं काय केलं? तोच रेल्वेचा डबा शोधून काढला, त्याच जंगलात, त्याच जागी ओढून आणला आणि आता फ्रान्सला त्यात बसवलं. बावीस वर्षं तो डबा कोणी विसरलं नव्हतं.

सोमाच्या डोक्यावर पायताणं देऊ नका. कसं थांबवायचं मला माहीत नाही. तुला तिथलं माहीत आहे.

पायल


वरचा पाडा
२८ ऑक्टोबर

पायल,

तुझा कंडक्टर हुशार हाय. बाजारात वरडत फिरला, "पल्लवी साईची आई कोन?" सगळ्या हरसूलला माझं नाव कळलं.

पत्र चुलीपाशी वाचलं आन् साईच्या पप्पांना बी वाचून दाखवलं. साईचे पप्पा म्हनले, "मिटलंय ना, कशाला उकरती?" मी म्हनलं, तुमचा साई मोठा झाल्यावर कोनी त्याला सांगितलं, तुझ्या मामाच्या डोक्यावर तुझ्या काकाची पायतानं ठेवली होती, तं तो कोनाच्या बाजूनं काठी उचलंल? त्यांनी पोराला उचलून मांडीवर घेतलं. 

रविवारी शिवेवर सगळे. मंगळूची नवी पायतानं केळीच्या पानावर मांडलेली, पूजेला ठेवल्यासारखी. सोमा वाकला. आन् माझ्या तोंडातून निघून गेलं, "थांब."

आबा म्हनले, "सूनबाई, हे बायांचं काम नाय."

मी मागं सरले नाय. साईला घट्ट धरला आन् बोलत सुटले. गोळी, तीन अटी, डहाळी, चिखलाचे खंदक, आन् तो डबा. नावं चुकली आसतील, फ्रान्सला एकदा फ्रान्सिस म्हनले. पन डब्याचं बरोबर सांगितलं. कसा बावीस वर्षं जपला, कसा वढून आनला, कसं दुसऱ्याला त्यात बसवलं.

एक जन मागून बोलला, "आता सूनबाई आपल्याला गोऱ्यांच्या गोष्टी सांगनार." दुसरा म्हनला, "आपल्याकडं रेल्वे कुठं हाय?" लोक हसले. सासूबाई म्हनल्या, "रेल्वे नाय, पायतानं हायेत ना? वाघदेव कशाला ठेवला शिवेवर? वाघाला पळवायला, का मानसाला?" हसू थांबलं.

मी म्हनलं, "आबा, सोमानं मारलं ते चूकच. त्यानं माफी मागावी, आरसा द्यावा. पन काकड्यांवरून गाडी कोनी घातली, हे आजवर कोनी विचारलं का?"

सगळे मंगळूकडं बघायला लागले. मंगळू नुसता पाय खाजवत उभा. अनवानीच होता ना. आबा म्हनले, "बोल की." तो म्हनला, "घातली मी. पोरींसमोर शान मारायला घातली. ब्रेक लागला नाय." मंग पुढं आला, केळीच्या पानावरची पायतानं उचलली आन् पायात घातली. म्हनला, "नवी हायेत, आबा. आन् मला खडीवरनं घरी जायचंय."

पायल, आधी सोमा हसला. मंग मी. मंग सगळी शीव. आबा हसले नाय, पन तंबाखूची डबी काढून त्यांनी आधी माझ्या बापापुढं केली.

सोमानं तिथंच माफी मागितली. आरसा तो बसवून देनार. मंगळू पाटीभर काकड्या भरून देनार, आन् दोघं मिळून बाजारात विकनार, जिथं मारामारी झाली तिथंच बसून. सासूबाईंनी ठरवलं, पुढच्या वर्षी जेवनाच्या डहाळीला झेंडूचं फूल बांधायचं. आन् ज्याच्या दारात नुसती डहाळी येईल, त्यानं आधी विचारायचं, कशाला. आबा म्हनले, विचारायचा आपला रिवाज नाय. सासूबाई म्हनल्या, "मंग आजपास्नं हाय."

तुझ्या पोरींना सांग, डहाळी निघाली होती, पन जेवनाची निघाली.

आता पत्र बंद करती. बाहेर मंगळूची गाडी उभी हाय. सोमा मागं बसलाय, मांडीवर काकड्यांची पाटी, मधे मामाच्या मिठीत साई, कारन मामाला भाच्याला बाजार दाखवायचाय. बाजाराची वाट घाटाच्या उताराची हाय. आन् मंगळूनं आरसा बसवून घेतला, ब्रेक नाय बघितला.

मी पळती. साईला उतरवून घेती.

पल्लवी